४६ नेमबाज, ४ माणसं: नाहूरच्या एका रविवारचं प्रकरण

चूक माझ्या हातून झाली, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना कुणाच्या तरी नावाने खडे फोडतोय असं वाटायला नको.

२०२४ची दिवाळी होऊन दुसरा रविवार होता. आमच्या क्लबची महिन्याची मॅच, दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल. निकाल लागला रात्री पावणेनऊला. सब-युथ, म्हणजे लहान वयोगटातल्या, मुलींमधलं तिसरं पदक एका मुलीच्या गळ्यात पडलं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. सोमवारी सकाळी दुसऱ्याच एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. त्यांच्या मुलीला एक सवय होती. पुलीवरून कार्ड परत आलं की भोक कुठे पडलंय ते बघायचं आणि छोट्या वहीत आकडा टिपून ठेवायचा. तिच्या वहीची बेरीज होती ३६१. आमच्या तक्त्यावर तिच्या नावापुढे ३३८.

संध्याकाळी ऑफिसातून थेट क्लबवर गेलो आणि पिशव्या उघडल्या. वही बरोबर होती. तिसऱ्या डिटेलमध्ये (एका वेळी लाइनवर खेळणारी तुकडी म्हणजे डिटेल) ती मुलगी सहाव्या लेनवर होती आणि पदक मिळालेली नवव्या. कार्डांच्या पिशवीत मी टाकलेल्या चिठ्ठीवर इंग्रजी आकड्यातला सहा होता, खाली रेघ न मारलेला. पिशवी उलटी ठेवली गेली, सहाचा नऊ झाला. टेबलावर नऊ नंबरच्या दोन पिशव्या आल्या तेव्हा मी थांबून कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण विचारायचं कुणाला? बाकीचे तिघे तीन ठिकाणी अडकलेले. मी अंदाजाने एका पिशवीला एक नाव लावलं, दुसरीला दुसरं.

ज्या मुलीला पदक दिलं होतं तिच्या घरी फोनही मीच केला. तिच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि "बरं, पाठवून देते" एवढंच म्हणाल्या. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

<b>क्लब आणि त्यातली चार माणसं</b>

मुंबईत नाहूर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक शाळा आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावरचा लांबट हॉल आम्हाला भाड्याने मिळतो. दहा लेन, हाताने फिरवायच्या पुली, कागदी कार्डं. मोठ्या स्पर्धांमधल्या सिअस कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर छर्रा लागताक्षणी स्क्रीनवर दशांशासकट गुण दिसतात. ते आमच्या आवाक्याबाहेरचं. महिन्याच्या मॅचला आम्ही पूर्ण ६० शॉट घेत नाही. ४० शॉट, ६० मिनिटं, त्याआधी तयारी आणि साइटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे सरावाचे शॉट, यासाठी १५ मिनिटं. हा आमचा घरचा हिशोब, एका रविवारात सगळ्यांची पाळी लागावी म्हणून.

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं आणि आमच्याकडे शाळकरी पोरांची रांग लागली. एरवी पंचवीस-तीस एन्ट्री यायच्या. त्या रविवारी ४६ आल्या, २८ रायफल आणि १८ पिस्तूल. म्हणजे पाच डिटेल. एकेका डिटेलला ७५ मिनिटं आणि मधे कार्डं गोळा करायला, नवी लावायला, पुढच्यांना सामान मांडायला वीस मिनिटं. सकाळी आठला सुरू केलं तर कागदावर दुपारी साडेतीनच्या सुमारास शेवटचा शॉट. मग पावणेनऊ कसे वाजले?

मॅच चालवायला चार माणसं होती. सचिवकाका रेंज ऑफिसर, म्हणजे लाइनवर आदेश देणारे आणि सुरक्षा बघणारे; शिवाय हॉलची किल्ली आणि स्कूबा टाकीतून हत्यारांचे हवेचे सिलिंडर भरून देणं त्यांच्याकडे. रायफलचे सर हत्यारं तपासायचे आणि त्याच वेळी स्वतःच्या शिष्यांना लेनमागे उभं राहून सूचनाही द्यायचे. एक ताई एन्ट्री, पैसे, लेनचा तक्ता आणि लॅपटॉपवर निकाल बघायच्या. आणि मी. मी नेमबाज नाही, विम्याच्या कचेरीत काम करतो. मुलगा पिस्तूल चालवतो म्हणून रविवारी यायला लागलो आणि कधीतरी कार्डं माझ्याकडे आली ती आलीच.

रायफलच्या एका कार्डावर एकच शॉट. २८ जणांची ४० प्रमाणे १,१२० कार्डं. पिस्तूलला खर्च वाचवायला आम्ही एका कार्डावर पाच शॉट घेतो, त्यांची १४४. एका माणसाने एका दिवसात १,२६४ कार्डं गोळा करायची, मोजायची, वाचायची. एअर रायफलच्या कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. नीट लागलेला शॉट तो ठिपका उडवूनच नेतो. दहा की नऊ हे मग बाहेरच्या कडेवरून ठरवावं लागतं. साडेपाच मिलिमीटरच्या कडेचं गेज भोकात बसवायचं आणि त्याची कड आठच्या रेघेबाहेर जाते का ते भिंगातून पाहायचं. गेली नाही तर दहा. गेज एका भोकात एकदाच घालायचं, कारण दुसऱ्यांदा घातलं की भोकच बदलतं. पावसाळ्यात कार्ड दमट होऊन भोकाच्या कडा फाटतात तेव्हा तर डोळ्यांचं पाणी होतं. हे काम संध्याकाळी सातला, सकाळी साडेसहापासून उभ्या असलेल्या माणसाने करायचं.

<b>त्याच दिवशी घडलेली दुसरी गोष्ट</b>

तक्रार कार्डांची आली म्हणून सगळे कार्डांबद्दल बोलत राहिले. माझ्या मते त्याहून गंभीर प्रकार सकाळी सव्वाअकराला घडला आणि त्याची कुणी साधी नोंदही केली नाही.

रविवार म्हटला की मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. माटुंगा-मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असला की धीम्या गाड्या जलद मार्गावरून नेतात आणि नाहूरला थांबवत नाहीत. तिसऱ्या डिटेलची चार मुलं मुलुंडला उतरून, खांद्यावर रायफलच्या पेट्या घेऊन, रिक्षा शोधत उशिरा पोचली. डिटेल सुरू झालं होतं. नियमाने उशिरा आलेल्याला उरलेल्या वेळात खेळता येतं, वाढीव वेळ मिळत नाही. पालकांना हे पटेना. काका त्यांना समजवायला दारापाशी गेले आणि रेंजवर रेंज ऑफिसर उरला नाही.

तेवढ्यात चौथ्या लेनवरच्या मुलाचं कार्ड क्लिपमधून सुटून फायरिंग लाइनच्या पुढे हातभरावर पडलं. तो टेबलाला वळसा घालून ते उचलायला पुढे गेला. पाचव्या लेनवर एक साठीचे गृहस्थ रायफल खांद्याला लावून नेम धरत होते, छर्रा आत. मागे खुर्चीवर बसलेली एक आई जोरात ओरडली, "अहो, थांबा!" गृहस्थांनी रायफल खाली घेतली, उघडली, टेबलावर ठेवली. मुलगा मागे आला. काही झालं नाही.

साडेचार मिलिमीटरच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. त्यामुळे घरोघर तिला खेळण्याच्या रांगेत बसवलेलं असतं. मॅचच्या रायफलचा छर्रा सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. डोळा जायला एवढं पुष्कळ झालं. ओरडलेल्या त्या बाईंचं मॅचशी नातं एवढंच की त्यांची मुलगी दुसऱ्या डिटेलमध्ये खेळून झाली होती आणि घरी परतायला गाडी नव्हती. ब्लॉकमुळे अडकल्या म्हणून आम्ही वाचलो, असंच म्हणायचं.

<b>कामं मोजायला बसलो तेव्हा</b>

पुढच्या रविवारी आम्ही चौघे बसलो. काकांचं मत ठाम होतं: एन्ट्री ३०ला बंद करा. सरांचं मत, आजकालच्या पालकांना मुलाला सोडून चहा प्यायला जायचं असतं, कुणी काही करत नाही. ताईंनी मात्र एक साधा प्रश्न विचारला, "त्यांनी नेमकं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?" आम्ही तिघेही गप्प.

मग पिस्तूलच्या जुन्या टार्गेटच्या पाठीमागे कामं लिहायला घेतली. शनिवारी कार्डांवर शिक्के मारणं, प्रत्येकाची ४० आणि साइटरची वेगळी अशी मोजून गड्ड्या बांधणं. रविवारी पहाटे टेबलं, पुलीचे दोरे, टार्गेटवरचे दिवे (टार्गेटवर किमान १,५०० लक्स उजेड हवा, आमची एक ट्यूब नेहमी मरायला टेकलेली). हत्यारांची तपासणी: पिस्तुलाच्या ट्रिगरने ५०० ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे, पिस्तूल दीड किलोच्या आत, रायफल साडेपाचच्या आत, सिलिंडरची मुदत संपलेली नको. दारावर उशिरा येणाऱ्यांशी बोलणं. लेनमागे बसलेल्या पालकांचे फोन बंद करवणं. घड्याळ. शेवटची दहा मिनिटं आणि पाच मिनिटं पुकारणं. सेफ्टी फ्लॅग (हत्यार रिकामं असल्याची खूण) लागलाय की नाही हे प्रत्येक हत्यारात डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला लेन सोडू न देणं. कार्ड गोळा करणं, मोजणं, वाचणं, लिहिणं, बेरीज, फेरबेरीज, तक्ता लावणं. तक्ता लागल्यापासून दहा मिनिटांत आक्षेप घेणाऱ्याचं ऐकून घेणं. पदकं. आणि सगळ्यांत शेवटी झाडलोट.

झाडलोटीबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण ते काम आम्ही वर्षानुवर्षं चुकीचं करत होतो. छर्रे शिशाचे. ते सापळ्यात आपटून चिरडतात आणि बारीक धूळ तयार होते. आम्ही कोरडा झाडू मारत होतो, तोही मोठ्या मुलांकडून, आणि नंतर त्याच हातांनी वडापाव. शिशाची धूळ कोरडी झाडायची नसते. ओल्या फडक्याने पुसायची, हातमोजे घालायचे, हात साबणाने धुवायचे, आणि लहान मुलांना या कामाच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. यादी लिहिली नसती तर ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही आली नसती. झाडू मारणं हे "काम" म्हणून आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

यादीत ३७ कामं निघाली. चार माणसं आणि ३७ कामं. पण खरा धक्का वेगळा होता. त्यातली जवळपास तीस कामं अशी होती की पाच मिनिटं दाखवल्यावर कुणालाही जमावीत, आणि आम्ही ती कधी कुणाला दाखवलीच नव्हती. मी स्वतः दोनदा तरी मदतीला आलेल्या बाबांना "राहू द्या, मी करतो, तुमच्या लक्षात नाही येणार" म्हणून परत पाठवलं होतं. सरांचा पालकांवरचा राग मला तेव्हापासून पटेनासा झाला.

आमच्या क्लबची मुलं भाद्रपदात आपापल्या मंडळात रात्र रात्र जागून मखर उभं करतात. रेंजवर तीच मुलं आपला डिटेल संपला की मोबाइल काढून बसतात. आळस म्हणावा तर मंडळात तो कुठे जातो? मंडळात वर्गणी कोण, सजावट कोण, प्रसाद कोण, विसर्जनाला ट्रकवर कोण, हे आषाढातच ठरतं आणि प्रत्येक कामाला एक तोंड असतं. तोच मुलगा आमच्याकडे आला की त्याला दिसतात धावपळ करणारी चार चिडलेली मोठी माणसं. त्यांच्या मधे कोण शिरेल?

<b>आधी जे फसलं</b>

डिसेंबरच्या मॅचच्या आधी ताईंनी व्हॉट्सॲपवर निरोप टाकला: मदतीला कोण कोण येणार? बावीस अंगठे आले. रविवारी सकाळी साडेसहाला हजर तिघे, आणि त्यातल्या एकाला वाटलं होतं की मदत म्हणजे सामोसे आणायचे. अंगठा दाखवणं फुकट असतं. त्या दिवशीचा निकाल सव्वाआठला लागला.

त्याच महिन्यात आमच्यातल्या एका ठाण्याच्या सभासदाने त्याचा अमेरिकेतला अनुभव सांगितला. नोकरीनिमित्त तो काही वर्षं तिथे होता आणि रविवारी प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्थानिक मॅचेसना जायचा. आपल्याकडे हा प्रकार फारसा नाही. १९७६मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया गावी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. हलत, धावत, वेगवेगळ्या कोनांतून टार्गेट मारायची आणि गुणांना लागलेल्या वेळेने भागायचं, असा तो खेळ. तिथे दहा-बाराजणांची तुकडी एका स्टेजवर येते. एकजण खेळतो, टायमर घेऊन रेंज ऑफिसर त्याच्या मागे. त्याचं झालं की बाकीचे पुढे जाऊन कागदी टार्गेटवरच्या भोकांना टेप लावतात, पडलेल्या लोखंडी पट्ट्या उभ्या करतात, एकजण टॅबवर गुण घेतो. यातून कुणालाही सूट नाही. मोठ्या मॅचला काम करणारे आदल्या दिवशी आपली मॅच खेळून घेतात, म्हणजे मुख्य दिवशी हात मोकळे.

ऐकायला छान. सर म्हणाले, उद्यापासून हेच करू. पण आमच्या खेळाची जातच वेगळी. प्रॅक्टिकलमध्ये एकजण खेळतो तेव्हा अकराजण रिकामे असतात. आमच्याकडे दहाच्या दहा एकाच वेळी लाइनवर, आणि सव्वा तास जागचं हलायचं नाही. शिवाय दहा मीटरचा नेमबाज मॅचच्या आधी शांत बसतो, श्वास आणि नाडी खाली आणतो. त्याला अर्धा तास आधी टेबलं उचलायला लावली तर हात थरथरणार, कार्डं वाचायला बसवलं तर डोळे थकणार. अमेरिकेतून उचलण्याजोगी गोष्ट एकच होती: काम हा एन्ट्रीचाच भाग. बाकीचं वेळापत्रक आमचं आम्हालाच बसवायचं होतं.

<b>जानेवारीपासूनची मांडणी</b>

एन्ट्रीच्या फॉर्मवर लेन आणि डिटेलच्या शेजारी तिसरा रकाना आला: ड्युटी. फॉर्म भरला म्हणजे एका डिटेलचं काम आलं. स्वतः करा किंवा घरच्या मोठ्या माणसाला पाठवा. काम कुठलं आणि कुणाच्या हाताखाली, हे शुक्रवारी रात्री नावानिशी कळणार.

नियम आम्ही दोन-तीनच केले. स्वतःच्या लगेच आधीच्या डिटेलमध्ये कुणाला काम द्यायचं नाही, तेवढा वेळ त्याचा त्याला हवा. शक्यतो आधी नेम, मग काम: पहिल्या डिटेलचे नेमबाज दुसऱ्या-तिसऱ्यात, दुसऱ्याचे चौथ्यात. अठराच्या आतल्यांना फायरिंग लाइनच्या मागचीच कामं, म्हणजे चिकटपट्ट्या, गड्ड्या पोचवणं, तक्ता लावणं. आणि धोका दिसला तर "स्टॉप" कुणीही ओरडावं, मग ती आई असो, पोरगं असो की चहावाला. हे शेवटचं आम्ही मोठ्या अक्षरात दारावर लावलं.

वाटायची नाहीत अशी दोन कामं आम्ही बाजूला काढली. एक, लाइनवरचा रेंज ऑफिसर. त्याने लाइन सोडायचीच नाही. दाराशी भांडण होऊ दे, टाकी फुसफुसू दे, त्यासाठी दुसरी माणसं आहेत. दोन, गेज. वाचायला दोघे, लिहायला तिसरा, पण वादातल्या भोकात गेज घालणार ते जजचा कोर्स केलेले एकच गृहस्थ, आणि घातल्यावर कार्डावर तशी खूण करणार. कार्डांवर आता नाव नसतं, फक्त स्पर्धकाच्या क्रमांकाची चिकटपट्टी, तीही शनिवारीच लागलेली. आपल्या मुलाच्या गटाची कार्डं वाचायला कुणालाच बसवत नाही. आणि हो, सहा आणि नऊच्या खाली रेघ असते. त्याबद्दल अजून माझी थट्टा होते.

विरोध झालाच. एक पालक म्हणाले, "आम्ही फी भरतो, वर कामही आम्हीच करायचं?" प्रश्न रास्त आहे. ताईंनी त्यांना हिशोब दाखवला: हॉलचं भाडं, कार्डं, पदकं, टाकी भरून आणणं. माणसं पगारी ठेवायची तर फी किती होईल तेही. ते म्हणाले, "मग तेवढी घ्या, पण मला रविवारी झोपू द्या." हा पर्याय आम्ही दिला नाही, कारण एकाने पैसे देऊन सुटका करून घेतली की पुढच्या महिन्यात दहाजण घेतील. ते गृहस्थ एक महिना आले नाहीत. नंतर मुलासोबत आजोबांना पाठवू लागले. आजोबा बँकेतून निवृत्त, आकड्यांना पक्के, भिंगाची सवय आधीपासूनच. आज आमच्याकडचा सगळ्यात भरवशाचा कार्ड वाचणारा माणूस कोण असं विचाराल तर तेच.

जानेवारीची पहिली मॅच गोंधळाची गेली. नव्या माणसांना शिकवण्यातच वेळ जायचा. कुणी चुकून साइटरची कार्डं गुणांत धरली, फेरबेरजेत सापडली म्हणून बरं. एक बाबा ड्युटीच्या मधेच डोंबिवलीची गाडी पकडायला निघून गेले. निकाल साडेसहाला लागला. फेब्रुवारीत सव्वापाचला. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षांमुळे एन्ट्रीच कमी. जूनमध्ये ४८ एन्ट्री होत्या आणि निकाल वीस मिनिटं कमी पाचला लागला, कारण कार्डं आता डिटेल संपेल तशी वाचली जातात, शेवटी ढीग साचत नाही. एवढा साधा बदल आधी का जमला नव्हता? वाचणारा आणि गोळा करणारा माणूस एकच होता म्हणून.

<b>जे हाती लागलं नाही</b>

ती ३६१वाली मुलगी परत आली नाही. पदक आम्ही घरी जाऊन दिलं, वडिलांनी ते घेतलं, चहाही पाजला. मुलगी दुसऱ्या क्लबात जाते असं कळलं. जिथे असेल तिथे वही चालू ठेवत असेल, एवढी आशा आहे. दादासाहेब मावळणकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, यांनी १९५१मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली. त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेचं स्वप्न आमच्याकडची प्रत्येक पोर बघते. त्या वाटेवरच्या अगदी पहिल्याच पायरीवर आम्ही तिला चुकीचा आकडा दिला. तो तक्ता नंतर दुरुस्त झाला, पण पहिल्या मॅचचा दिवस काही दुरुस्त होत नाही.

दुसरी गोष्ट काकांची. पंधरा वर्षं या माणसाने क्लब अंगावर वागवला. नव्या मांडणीत त्यांच्याकडे फक्त लाइन आली. किल्ली, दार, टाकी हे सगळं यादीत एकेक करून दुसऱ्यांकडे गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, सुटले बिचारे. त्यांना वाटलं, काढून टाकलं. फेब्रुवारीपासून ते आलेच नाहीत. तब्येतीचं कारण सांगत. तीन महिन्यांनी ताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा काकू बोलल्या, "रविवारी सकाळी पाचला उठून बसतात. मग पेपर वाचतात." आम्ही कामांची यादी केली होती, ३७ ओळींची. त्यात काकांना काय वाटेल ही ओळ नव्हती. कुठलंही काम कमी करण्याआधी ते करणाऱ्याशी बोलायला हवं होतं, आणि तो संवाद आम्ही चुकवला. हा दोष माझ्या सहा-नऊपेक्षा मोठा मानतो.

मे महिन्यात ते आले. लाइन नको म्हणाले. लाइनवर आता मुलुंडच्या एक माजी एनसीसी कॅडेट असतात, आवाज खणखणीत, हॉलमध्ये माइक लागत नाही. काकांनी स्वतःहून टाकी मागून घेतली. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात, पोरांचे सिलिंडर तपासून भरतात आणि प्रत्येकाला कालच्या सरावाचा आकडा विचारतात.

पाचव्या डिटेलला अजूनही माणसं कमी पडतात. सगळ्यांना लवकर निघायचं असतं आणि दुपारच्या गाडीला गर्दी कमी. ज्यांचं स्वतःचं खेळून दुपारी झालेलं असतं त्यांना संध्याकाळपर्यंत थांबवणं मला बरोबरही वाटत नाही. सध्या त्या डिटेलला आम्ही सातच लेन लावतो.

आणि किल्लीचं काय ठरलं, तर काहीच नाही. यादीप्रमाणे ती आता ताईंकडे असायला हवी. पण शाळेचे वॉचमन काकांशिवाय कुणाच्या हातात सहजासहजी देत नाहीत. म्हणून मॅचच्या प्रत्येक रविवारी सव्वासहाला काका गेटवर उभे असतात, आणि त्यांच्यामागे पहिल्या डिटेलच्या ड्युटीवाल्यांची रांग.